पाऊण तास कुणाचा? सजगतेचं ध्यान आणि बायकांचा ताण

"टेन्शन येतंय? ध्यान करा." हा सल्ला हल्ली बाईला कुठूनही मिळतो. थायरॉइडची गोळी लिहून देता देता डॉक्टर देतात, महिला दिनाला ऑफिसात बोलावलेल्या पाहुण्या देतात, भिशीत शेजारीण देते, आणि सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर तो कुणी ना कुणी पाठवलेला असतोच. सल्ला फुकट आहे आणि वाईटही नाही. पण गेल्या चाळीसेक वर्षांत या ध्यानावर जगभर भरपूर संशोधन झालं, त्यातल्या बऱ्याच चाचण्यांत भाग घेणाऱ्यांमध्ये स्त्रियाच जास्त होत्या, आणि त्यातून जे हाती लागलं ते या सल्ल्याइतकं गुळगुळीत नाही. उपयोग कुणाला होतो, किती होतो, कशाला होत नाही, आणि ध्यानाला बसायचा वेळ बाईने आणायचा कुठून, हे एकदा नीट मांडून पाहायला हवं.

ध्यानाचे प्रकार अनेक आहेत. इथे विषय आहे तो सजगतेच्या ध्यानाचा, ज्याला शहरांत सर्रास माइंडफुलनेस म्हणतात. कृती सांगायला दोन ओळी पुरतात. श्वास, अंगातल्या संवेदना, मनात उमटणारा विचार, जे काही आत्ता चाललं आहे त्याकडे लक्ष द्यायचं आणि ते बरं की वाईट याचा निवाडा करायचा नाही. मन पळतं. पळालं हे लक्षात आलं की न चिडता त्याला परत आणायचं. डोकं रिकामं करणं हा यातला हेतूच नाही. "मला नाही जमत बाई, माझं मन सारखं भटकतं" असं म्हणून बऱ्याच जणी आठवड्याभरात नाद सोडतात. खरं तर भटकलेलं मन परत आणणं हाच तो व्यायाम.

मुळात ही बौद्ध साधना, पाली भाषेतल्या सतिपट्ठान सुत्तात तिचा पाया आहे. विहारातल्या भिक्खूंकडून ती संसारी माणसांपर्यंत पोचली ती मुख्यतः ब्रह्मदेशातून, अलीकडच्या काळात. तिथले महालेखापाल ऊ बा खिन सरकारी नोकरी सांभाळून ध्यान शिकवत. त्यांच्याकडे मंडालेत जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोयंका गेले ते अर्धशिशीने हैराण होऊन. १९६९ मध्ये गोयंका भारतात आले, शिबिरं घेऊ लागले, आणि १९७६ मध्ये नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला धम्मगिरी केंद्र सुरू झालं. याच दशकात, १९७९ साली, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन या रेणवीय जीवशास्त्रज्ञाने जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी वर्ग काढला. धर्म, दीक्षा, गुरू सगळं बाजूला ठेवलं आणि साधना तेवढी घेतली. एकीकडे अर्धशिशी, दुसरीकडे वर्षानुवर्षं न हटलेलं दुखणं. आज ॲपपासून रिसॉर्टपर्यंत पसरलेल्या या सगळ्या व्यवहाराची सुरुवात दुखणाऱ्या शरीरापासून झाली आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिराची शिस्त कडक. पहाटे चारला घंटा, साडेचारला आसनावर, रात्री साडेनऊला दिवे बंद. मोबाइल, पुस्तकं, वह्या पहिल्याच दिवशी जमा. नऊ दिवस मौन. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना. स्त्री-पुरुषांची राहण्याची व्यवस्था वेगळी, आणि शुल्क काहीच नाही. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. शिबिरातून परतलेल्या बायकांशी बोलून पाहा. काही जणी ध्यानाच्याही आधी जेवणाबद्दल बोलतात. दहा दिवस आयतं ताट मिळालं. संध्याकाळी भाजी काय करायची हे ठरवावं लागलं नाही. कुणी "माझे मोजे कुठे आहेत" म्हणून हाक मारली नाही. मला ही गोष्ट किरकोळ वाटत नाही. दहा दिवसांनी बाईला हलकं वाटतं त्यात श्वासाचा वाटा किती आणि आयत्या ताटाचा किती, हे वेगळं काढता आलं पाहिजे, आणि शास्त्रज्ञांची सगळी डोकेफोड याच हिशेबासाठी चालली आहे.

कबाट-झिन यांचा आठ आठवड्यांचा वर्ग घर-नोकरी सांभाळून करायचा. आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तास, मध्ये एक अख्खा दिवस मौनाचा, आणि रोज घरी पाऊण तास सराव. पहिल्या वर्गात हातावर एक मनुका ठेवतात. ती उजेडात धरून बघायची, तिच्या सुरकुत्यांवरून बोट फिरवायचं, कानाशी नेऊन चिरडल्याचा आवाज येतो का ऐकायचं, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायची पण चावायची नाही, तोंडाला सुटलेलं पाणी जाणवून घ्यायचं, आणि मग एकदाच दात लावायचा. एका मनुकेला पाच-सात मिनिटं जातात. उभ्या उभ्या, ओट्याशी, मुलाने टाकलेली अर्धी पोळी संपवून जेवण उरकणाऱ्या बाईला हा प्रकार आधी हास्यास्पद वाटतो. मग देहनिरीक्षण. उताणं पडून डाव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करायची आणि लक्ष हळूहळू वर आणायचं. गुडघ्यापर्यंत पोचता पोचता कित्येकांचा डोळा लागतो. शिकवणारे त्याला साधनेतला अडथळा म्हणतात. मला तो थकलेल्या शरीराने मागितलेला हक्क वाटतो.

आता पुराव्याकडे. ध्यान केलेल्यांची तुलना काहीच न करणाऱ्यांशी केली की ध्यान बहुतेकदा जिंकतं. पण आठवड्यातून अडीच तास घराबाहेर पडून समदुःखी माणसांत बसणं, कुणीतरी आपुलकीने विचारपूस करणं, यानेही बरं वाटतंच. म्हणून खरी कसोटी दुसऱ्या एखाद्या उपायाशी तुलना करताना लागते. २०१४ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी ४७ चाचण्या आणि साडेतीन हजारांवर सहभागी एकत्र धरून आढावा घेतला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत सजगतेच्या ध्यानाने थोडा ते मध्यम फायदा होतो, असं दिसलं. ताण आणि जीवनमान यांबाबत मात्र पुरावा अशक्त निघाला. आणि व्यायाम, औषधं किंवा वर्तनोपचार यांच्यापेक्षा ध्यान सरस असल्याचं काही आढळलं नाही. म्हणजे ज्या 'ताणा'च्या नावाने हे ध्यान विकलं जातं, नेमका तिथेच पुरावा विरळ. जाहिरातीत हे सांगत नाहीत.

पण त्याच पुराव्याची दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. २०२२ मध्ये एलिझाबेथ होग यांच्या गटाने चिंताविकार असलेल्या २७६ जणांची चाचणी प्रसिद्ध केली. अर्ध्यांना आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग, अर्ध्यांना एस्सिटॅलोप्रॅम, म्हणजे आपल्याकडेही नेहमी लिहून दिली जाणारी गोळी. सहभागींत बहुसंख्य स्त्रिया. दोन्ही गटांत चिंता साधारण सारखीच, तीस टक्क्यांच्या आसपास, उतरली; दुष्परिणामांच्या तक्रारी गोळीच्या गटात कितीतरी जास्त होत्या. नैराश्य पुन्हा पुन्हा उलटणाऱ्यांसाठी सेगल, विल्यम्स आणि टीसडेल या तिघांनी ध्यान आणि विचारांवर काम करणारे उपचार एकत्र केले. त्याच्या नऊ चाचण्यांतल्या १,२५८ रुग्णांची माहिती २०१६ मध्ये एकत्र तपासली तेव्हा नैराश्य उलटण्याचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी कमी दिसला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या मार्गदर्शक सूचनांत हा उपचार २००४ पासूनच आहे. ध्यानाच्या बाजूने माझ्या मते सगळ्यात भक्कम गोष्ट हीच, आणि गंमत म्हणजे ती ताणाबद्दल नाही, आजाराबद्दल आहे.

मेंदूच्या रंगीत चित्रांबद्दल मात्र आता गप्प बसलेलं बरं. आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते असं २०११ मध्ये गाजलं होतं. २०२२ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ रिचर्ड डेव्हिडसन यांच्या प्रयोगशाळेने २१८ जणांवर ते पुन्हा तपासलं, तसा बदल आढळला नाही. व्याख्यानांत ती जुनी चित्रं अजून फिरताहेत.

बायकांना म्हणून याचा काही वेगळा उपयोग आहे का? एक धागा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सिमा यांनी दोन दशकं एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला : झालेलं दुःख मनात घोळवत राहण्याची सवय. 'मी असं का बोलले', 'त्या तसं का म्हणाल्या', 'माझंच काय चुकतं'. हा रवंथ सरासरीने बायकांत जास्त दिसतो आणि तो नैराश्याकडे नेतो, असं त्यांनी दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नैराश्याचं प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या दीडपट आहे. सजगतेचं ध्यान नेमकं या रवंथावर बोट ठेवतं. सासूबाईंचं बोलणं खोटं पडत नाही, पण रात्री दोन वाजता ते अठराव्यांदा ऐकू येतंय हे बाईच्या लक्षात येतं, आणि लक्षात आलं की तिथून बाहेर पडायला जागा मिळते. ब्राउन विद्यापीठात ७७ विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला होता, त्यात ध्यानाच्या सत्रानंतर मुलींच्या नकारात्मक भावना कमी झाल्या, मुलांच्या नाहीत. अभ्यास अगदी छोटा आहे, त्यावर इमले बांधू नयेत. दिशा मात्र तीच.

मासिक पाळी थांबण्याच्या सुमारास अंगातून निघणाऱ्या वाफांवरचा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. २०११ मध्ये जेम्स कार्मोडी यांनी ११० स्त्रियांवर तो केला. वाफांची तीव्रता ध्यान करणाऱ्या आणि न करणाऱ्या दोन्ही गटांत साधारण सारखीच राहिली. पण त्यांचा होणारा जाच ध्यान करणाऱ्यांत जास्त कमी झाला आणि झोप सुधारली. वाफ तीच, धसका कमी. ध्यानाचं सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही या एका निकालात मावतात. स्तनांच्या कर्करोगातून जाणाऱ्या स्त्रियांबाबत २०१९ च्या कॉक्रेन आढाव्याचा सूर असाच आहे : चिंता आणि नैराश्य काही महिने कमी होतं, झोप थोडी बरी लागते, दोन वर्षांनंतर फरक फारसा उरत नाही. ज्या महिन्यांत केमो चालू असते त्या महिन्यांत एवढंही थोडं नसतं.

हे सगळे प्रयोग बहुतांशी अमेरिका-युरोपातले, शिकलेल्या आणि बऱ्या परिस्थितीतल्या बायकांवरचे. आपल्याकडच्या ताणाचं चित्र हवं असेल तर गोव्याकडे पाहावं लागतं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथे बाळंतिणींचा अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य दिसलं. धोका वाढवणाऱ्या गोष्टी कोणत्या? पैशाची ओढाताण, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. यातल्या एकाही गोष्टीवर श्वास हा उपाय नाही. आपल्याकडे बाई दवाखान्यात जाऊन "मला नैराश्य आलंय" असं म्हणतही नाही. ती म्हणते कंबर दुखते, अंगात कस नाही, डोकं भणभणतं, पांढरं जातं. तिला टॉनिक मिळतं. गोव्यातच 'संगाथ' या संस्थेने वेगळी वाट धरली. गावातल्या, वस्तीतल्या साध्या बायकांना प्रशिक्षण देऊन गरोदर मातांच्या घरी पाठवलं. त्या आसन घालायला शिकवत नव्हत्या. बसून ऐकत होत्या, बाळाबद्दल आणि आईबद्दल बोलत होत्या, घरच्यांना सामील करून घेत होत्या. त्याचीही रीतसर चाचणी झाली आणि तिचे निकाल २०१९ मध्ये 'लॅन्सेट'च्या मनोविकारविषयक नियतकालिकात आले. ध्यानशिबिरांच्या मानाने या कामाचा गाजावाजा फारच कमी.

बायकांच्या बाबतीत सोबत ही गोष्ट किती मोठी, याचा अंदाज शास्त्रालाही उशिरा आला. ताणाला माणूस एकतर भिडतो किंवा पळतो, हे सूत्र वर्षानुवर्षं चाललं. १९९५ पूर्वीच्या ताणावरच्या प्रयोगांत स्त्रियांचं प्रमाण जेमतेम १७ टक्के होतं, हे शेली टेलर यांनी २००० साली लक्षात आणून दिलं आणि सुचवलं की बायका ताणात पिल्लांना कवेत घेतात आणि मैत्रिणी धरतात. आपल्याकडे याला पुरावा लागू नये. पहाटे जात्याला दोघी बसत आणि माहेरापासून सवतीपर्यंत सगळं ओवीत येई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखभर ओव्या गोळा करवून ठेवल्या आहेत. हल्ली काही प्रवचनकार जात्याला आणि जनाबाईंना 'कामातलं ध्यान' म्हणून दाखले देतात. मला ते पटत नाही. जनाबाई नामदेवांच्या घरी राबत होत्या. दळणाची ओवी हे कष्टातून काढलेलं बोलणं आहे, त्याला ध्यानवर्गाचं लेबल लावलं की कष्टच गोंडस दिसायला लागतात.

आणि आता तो पाऊण तास. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली की माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात. घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच चारात एक. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाची नऊ. मुलं-म्हातारी माणसं सांभाळण्याचा वेळ यात धरलेला नाही, तो निराळा. यात नोकरी करणारी बाई आपला पाऊण तास झोपेतून काढते, कारण दुसरीकडून काढायला वावच नसतो. झोप कापून केलेलं ध्यान हा उपचार म्हणायचा की नवं काम, याचं उत्तर मला ठाऊक आहे. ऑफिसात तर हे आणखी सरळ दिसतं. पाळणाघर काढायला पैसे लागतात, कामाच्या वेळा बदलायला व्यवस्थापकाची इच्छा लागते. बुधवारी दुपारी अर्ध्या तासाचं ध्यानसत्र ठेवायला एक हॉल आणि एक वक्ता पुरतो. रोनाल्ड पर्सर या अभ्यासकाने २०१९ मध्ये या प्रकारावर पुस्तकच लिहिलं. ताण व्यवस्थेने द्यायचा आणि तो सहन करण्याचं कौशल्य व्यक्तीने कमवायचं, असा हा सौदा आहे.

एका बाबतीत तर सावधगिरीचा इशारा ठळकच द्यायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. मार खाल्लेल्या शरीराला डोळे मिटून 'संवेदना पाहा' म्हटलं की कधी कधी शांतता येत नाही, ती मारहाणच पुन्हा समोर उभी राहते. विलोबी ब्रिटन यांनी ध्यानामुळे होणाऱ्या त्रासांवर बरंच काम केलं आहे : घबराट, झोप उडणं, आपण आपल्यातच नाही असं वाटणं. त्रास सगळ्यांना होत नाही, पण होतो. इगतपुरीच्या अर्जातही मानसिक आजाराची विचारणा असते ती उगीच नाही. अशा वेळी डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीवर टेकवून, थोडा वेळ, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली सराव करता येतो. दहा दिवसांचं शिबिर पहिल्या फटक्यात करू नये. मारहाण चालूच असेल तर आधी १८१ ही महिला मदतवाहिनी, ध्यान मागाहून. झोप, भूक आणि कामाची उमेद दोन आठवड्यांहून जास्त गेलेली असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

मग करावं की करू नये? करावं, पण कशासाठी करतोय हे ठरवून. डोक्यातली चक्की थांबत नाही, जुनं नैराश्य परत येईल अशी धास्ती आहे, आजाराशी दीर्घ सामना आहे, वाफांनी किंवा न येणाऱ्या झोपेने हैराण केलंय, अशांना प्रयत्न करण्याजोगी ही गोष्ट आहे. ॲपपेक्षा गटात आणि शिकवणाऱ्या माणसासमोर केलेलं बरं, कारण सोबत तिथेच मिळते. श्वासाकडे लक्ष देऊन जीव घाबरत असेल तर चालण्याकडे द्यावं, पावलं मोजू नयेत, नुसती जाणावीत. तीन मिनिटांचा श्वासाचा एक छोटा सराव नैराश्याच्या त्या उपचारात आहे, तो बसमध्येही करता येतो. पण तो मोठ्या सरावाची पुरवणी म्हणून रचलेला आहे, पर्याय म्हणून नव्हे. आठ आठवडे मन लावून करूनही फरक पडला नाही तर आपल्यात खोट आहे असं मानू नये. चालायला जावं, गाण्याच्या वर्गाला जावं, मैत्रिणीकडे जावं. चाचण्यांत व्यायामही ध्यानाला हार गेलेला नाही.

आणि घरातल्या बाईला हा सल्ला देणाऱ्या नवऱ्यांना, मुलांना आणि सासरच्यांना एक विनंती. आठ आठवडे, रोज पाऊण तास, असा हा अभ्यासक्रम आहे. त्या वेळात कुकर कोण लावणार, आजींचं औषध कोण देणार आणि बेल वाजली की दार कोण उघडणार, हे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा आणि मगच तिला ध्यानाला बसायला सांगा.